रकाना क्रमांक सात

रात्रीचे पावणेतीन. म्हापशाचं इस्पितळ.
केसपेपर मी लिहिते. अक्षर बरं आहे म्हणून
एकोणीस वर्षं याच खिडकीत.

नाव : यतीन हरमलकर. वय बावीस. राहणार शापोरा.
काम : वागातोरला शॅकवर वेटर.
ताप एकशे सहा. दात असे आवळलेले
की चमचा घातला तर चमचा वाकावा.
नाडी मोजता मोजता पुष्पलता सिस्टरचे ओठ
आकड्याच्या मागे पडले.
रकाना सात : काय घेतलं?

सोबतचा पोरगा सुखराम, झारखंडकडचा,
एकाच पायात चप्पल.
"गोळी नव्हती. पूड.
गिऱ्हाइकानं टिप म्हणून दिली, पैशांच्या जागी.
म्हणाला, नवीन आहे, कायद्यात अजून नाव नाही हिचं,
मग भ्यायचं कशाला?"
त्यानंही चाखली होती. तीच पुडी, तेवढंच नखभर.
त्याला काही झालं नव्हतं.
तो आपल्या नखाकडे बघत उभा होता.

डॉक्टर ब्रागांझांनी पट्टी लघवीत बुडवली.
सहा ओळखीची विषं, सहा रेघा.
सहाही म्हणाल्या, आम्ही नव्हे.
लघवी मात्र कोऱ्या चहासारखी काळी.
"स्नायू विरघळतायत. बर्फ आणा."

बर्फाचं यंत्र शनिवारपासून बंद.

तेवढ्यात आई आली, द्रौपदी.
मालीमच्या जेटीला निघालेला टेम्पो
अर्ध्या वाटेतून वळवून.
तिनं मुलाकडे पाहिलं नाही आधी. बर्फ हा शब्द ऐकला
आणि उलटी धावली.
थर्माकोलचा खोका दोन्ही हातांत,
साडीचा ओचा ओला.

काखेत, जांघेत, मानेखाली
मासळीचा बर्फ भरला आम्ही.
कॅज्युअल्टीत बांगड्यांचा वास सुटला.
एक खवला त्याच्या गळ्यावर चिकटला,
दिव्याखाली चमकत होता.
कुणी काढला नाही.

ही बाई कल्ला उचलून सांगते :
हा पहाटेचा, हा परवाचा, याला औषध मारलंय.
पेडवे आणि तारले अंधारात बोटांनी वेगळे करते.
तिनं सुखरामला विचारलं,
वास कसला आयलो?
वास नव्हता.
रंग?
पांढरा. मिठासारखा.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, वास ना, ताका तुमी हात लायलो कसो?

आणि माझ्याकडे वळून : बाय, कितें बरयलें गो?

मी लिहिलं होतं : अज्ञात.
शाई वाळायची होती.

अकरा दिवस बांबोळीला, मूत्रपिंडाच्या यंत्रावर.
वाचला. वाचला म्हणजे
आता आईच्या पाटीमागे बसतो,
सुटे पैसे मोजताना वीसवर थांबतो,
पुन्हा एकपासून.
सुखराम गावी गेला म्हणतात. नक्की कुणाला ठाऊक नाही.

दोन महिन्यांनी अहवाल आला.
आकडा, रेघ, अक्षरं, रेघ, पुन्हा आकडा.
रकान्यात मावेना. समासात उभं लिहिलं.
ब्रागांझा म्हणाले, आता ही बाजारात नसेलसुद्धा.
एक कडी इकडची तिकडे केली की दुसरी,
आणि आपल्या पट्टीला तीही अनोळखी.

शुक्रवारी बाजारात गेले.
चिठ्ठीवर ते नाव उतरवून नेलं होतं.
का नेलं, मलाही नीट सांगता येत नाही.
अडखळत वाचून दाखवलं तिला.
तिनं मागून म्हणायचा प्रयत्न केला,
दूरच्या दर्यातल्या कुठल्याशा मासळीचं असावं तसं,
दोनदा चुकली,
मग सोडून दिलं.

मी सांगितलेल्या बांगड्यांचा कल्ला उचलून
माझ्या नाकाशी धरला. लाल होता.

"खंयच्या म्हयन्यांत येता तें?" तिनं विचारलं.
"बंदीचे दीस तरी आसात मगे ताका?"

यतीन मागे पैसे मोजत होता.
अठरा. एकोणीस.